खड्डेवाला उठला होता

शुक्रवारी सकाळी सहा वाजता, जर्मनीतल्या वुपरटालहून आलेले डेटलेफ ओलरोगे रोममधल्या एका पाच मजली इमारतीच्या तळघरात, पूर्वी कपडे वाळत घालायच्या खोलीत, खुर्चीवर एकटेच बसले होते. सभेची वेळ झाली होती. सभेला दुसरं कोणीही आलं नव्हतं.

नोटिशीत वेळ बरोबर छापली होती. इमारतीची सभा, पहिली बैठक, शुक्रवार, सकाळी सहा. दुसरी बैठक, शनिवार, संध्याकाळी पाच. पहिल्या बैठकीला जायचं नसतं, हे रोममध्ये तान्ह्या पोराला दुधाबरोबर पाजलेलं असतं. ती कोरमअभावी तहकूब व्हावी म्हणूनच पहाटेची ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी चार टाळकी जमली तरी सभा कायदेशीर. ज्या कुणा वकिलाने ही युक्ती काढली त्याला आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीने गुरू मानावं. पण नोटिशीत हे लिहिलेलं नसतं, आणि ओलरोगे जर्मन होते. ते रात्रीच्या गाडीने आले, पावणेसहाला दार ढकलून आत शिरले आणि वाट पाहू लागले. तासाभराने वाट पाहण्याचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी खिशातून टेप काढून भिंत मोजायला घेतली.

या भिंत मोजण्याने पुढे जे झालं ते सांगण्याआधी, ते आले कशासाठी ते सांगायला हवं. ते आले होते एक सिनेमा बघायला. खरं तर सिनेमातली अर्ध्या मिनिटाची एक गोष्ट बघायला, आणि त्याहून खरं म्हणजे ती गोष्ट सिनेमात नाही हे एर्मेते पालोंबींच्या तोंडावर सांगायला.

एर्मेते पालोंबी चौथ्या मजल्यावर राहतात. सरकारी जमीन मोजणीतून निवृत्त झालेले. शेजारी त्यांना अजूनही मोजणीसाहेब म्हणतात. 'हळू प्रार्थना कर, खड्डेवाला झोपलाय' हा सिनेमा त्यांनी आठव्या वर्षी उन्हाळ्यातल्या उघड्यावरच्या थिएटरात वडिलांबरोबर पाहिला. इटलीत त्या काळी काउबॉयचे सिनेमे शेवयांसारखे निघत, त्यातलाच हा एक. कथा अशी: गावात गोळीबार सुरू आहे, प्रेतं वाढताहेत आणि कबरी खणणारा खड्डेवाला टोपी तोंडावर घेऊन संपूर्ण सिनेमाभर झोपलेला आहे. शेवटी नायक घोड्यावर बसून निघून जातो. खड्डेवाला झोपलेलाच. समाप्त.

पालोंबींचं म्हणणं, समाप्त नाही. नायक गेल्यावर शेरीफ खड्डेवाल्याला लाथेने हलवतो. तो टोपी वर करतो, प्रेतांचा ढीग बघतो, म्हणतो, "आज रविवार आहे," आणि टोपी पुन्हा तोंडावर घेतो.

या वाक्याला त्यांचे वडील हसले होते. वडील कर खात्यात कारकून. त्यांनी जन्मात कधी कर चुकवला नाही आणि कधी हसलेही नाहीत. त्या संध्याकाळी मात्र ते असे हसले, की पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या आणि त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सहा वर्षांनी ते गेले. पालोंबींना त्यांचं दुसरं हसणं आठवत नाही. थोरल्या बहिणीचं, एर्सिलियाचं, मत विचाराल तर हेही झालं नव्हतं. "बाबा आणि हसले? तू झोपला होतास, एर्मेते. स्वप्न पडलं असेल."

आता हा सिनेमा घरी बघायचा म्हटलं तर आवृत्त्या पुष्कळ. इटलीतली कॅसेट आहे, तिच्यातले गोळीबार कापलेत. फ्रान्समधली आहे, तिच्यात गोळीबार ठेवून प्रेमप्रसंग कापलेत. जर्मन तबकडी आहे, तिच्यावर सिनेमाचं नाव 'शवपेट्या स्वस्त झाल्या' असं. जपानी तबकडीच्या वेष्टनावर एक उमदा पांढरा घोडा आहे, तो या सिनेमात कुठेच नाही. पालोंबींकडे या सगळ्या आहेत. खड्डेवाला एकाही आवृत्तीत उठत नाही.

'धूळ आणि शिट्टी' नावाच्या मंडळावर, म्हणजे इंटरनेटवर जिथे जगभरचे असे लोक एकमेकांना खोटं ठरवायला जमतात तिथे, पालोंबींनी बारा वर्षं हा मुद्दा लढवला. एकदा तर त्यांनी पुरावाही आणला. सेन्सॉरच्या जुन्या दाखल्यावर फिल्मची लांबी मीटरमध्ये होती. मीटर म्हटल्यावर मोजणीसाहेबांच्या अंगात आलं. त्यांनी हिशेब मांडून जाहीर केलं, की जर्मन तबकडीत चार मिनिटं कमी आहेत. ओलरोगेंचं उत्तर तीन ओळींचं होतं. थिएटरात सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, आपल्या टीव्हीवर पंचवीस. तीच फिल्म टीव्हीवर चार मिनिटं लवकर संपते. काहीही कापलेलं नाही.

हे बरोबर होतं. जन्मभर लोकांच्या बांधांचे वाद मिटवलेल्या माणसाने मोजमापात मार खावा, आणि तोही जगासमोर! त्या दिवसापासून मंडळावर पालोंबींचं नाव 'चार मिनिटं' पडलं. ब्राझीलमधला एक जण तर "शुभ सकाळ, चार मिनिटं" असंच लिहायचा.

अशात ग्रीसमधल्या एका बंद पडणाऱ्या कॅसेटच्या दुकानदाराने मंडळावर कळवलं, की या सिनेमाची एक जुनी प्रत त्याच्याकडे आहे आणि शेवटी "तो टोपीवाला काहीतरी बोलतो", तेव्हा पालोंबींच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नाही. ओलरोगेंनी लिहिलं, "मी स्वतः येऊन पाहीन. साक्षीदाराशिवाय मान्य नाही."

कॅसेट रोमला आली. टपाल कचेरीत अडकली. ग्रीक लोकांना 'ब' लिहायचा झाला तर दोन अक्षरं जोडावी लागतात आणि परक्या लिपीत त्याचं 'म्प' होतं, त्यामुळे पाकिटावर नाव होतं पालोंपी.

"हे पालोंपींचं पार्सल आहे," खिडकीमागचा माणूस म्हणाला. "तुमच्या ओळखपत्रावर पालोंबी आहे."

"तो मीच."

"असं पालोंपीही म्हणतील."

पहिल्या मजल्यावरच्या रम्पोल्दी वकिलांनी सल्ला दिला, की दोन साक्षीदारांसमोर पालोंबी आणि पालोंपी हे एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं. शेवटी बायको मिरेल्ला गेली. इटलीत लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. तिच्या ओळखपत्रावर माहेरचं फान्ताउझ्झी. "मी पालोंपींची बायको," ती म्हणाली. खिडकीमागच्या माणसाने पाकिटावरचं नाव बघितलं, कार्ड बघितलं. तिचा नवरा पालोंपी नाही असं सिद्ध करणारं कार्डावर काही नव्हतं. त्याने पार्सल दिलं. "तेहतीस वर्षांत या नावाचा पहिलाच उपयोग झाला," मिरेल्ला घरी येऊन म्हणाली. कोणत्या नावाचा, हे पालोंबींनी विचारलं नाही.

कॅसेट लावायला यंत्र हवं. पालोंबींचं यंत्र जपानी तबकडीच्याही आधी वारलं होतं. चालू यंत्र साऱ्या इमारतीत एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा झाकार्दीबाईंकडे, लेसच्या रुमालाखाली, वर एका संताची मूर्ती. बाई म्हणाल्या, यंत्र कुणाच्या घरात जाणार नाही. त्यांनी एकदा कॉफीचं भांडं दिलं होतं, ते अजून दुसऱ्या मजल्यावर आहे. सर्वांच्या खोलीत लावा, मीही बघायला येते.

सर्वांची खोली म्हणजे तळघरातली. तिच्यासाठी व्यवस्थापकांची परवानगी. व्यवस्थापक म्हणाले, ठराव लागेल. ठरावासाठी सभा. सभेसाठी नोटीस. पालोंबींचा अर्ज 'आयत्या वेळचे विषय' या सदरात गटाराच्या विषयाखाली गेला, आणि पालोंबींनी, खोलीचा पत्ता कळावा म्हणून, त्या नोटिशीची प्रत ओलरोगेंना पाठवली.

तर शुक्रवारी सकाळी सात वाजता, त्या प्रतीवर विसंबून आलेले ओलरोगे चित्र कितपत मोठं पडेल हे बघायला भिंत मोजत असताना, झाडू घेऊन नीवेसबाई आत आल्या. नीवेसबाई इमारतीच्या देखरेखीला असतात. म्हणजे जिन्यापेक्षा बातम्यांची देखरेख त्या जास्त चोख ठेवतात.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ओलरोगेंना इटालियन चांगलं येतं, पण ते शिकले फक्त काउबॉयच्या सिनेमांतून.

"कोण तुम्ही?" नीवेसबाईंनी विचारलं.

"या गावात सगळे मेले का?" ओलरोगेंनी अदबीने विचारलं.

"कुठल्या ऑफिसातून आलात?"

"मी कुणाचा माणूस नाही, बाई."

"आणि इथे किती दिवस?"

"काम संपेपर्यंत." आणि त्यांनी टेपवरचा आकडा टिपून घेतला.

नीवेसबाईंनी झाडू तिथेच ठेवला. आठ वाजायच्या आत पाचही मजल्यांवर बातमी पोचली: महापालिकेचा माणूस आलाय, मोजमापं घेतोय, नाव सांगत नाही, आणि कुणाची भीड ठेवणारा दिसत नाही.

या इमारतीत वीस बाल्कन्या आहेत. त्यांपैकी विनापरवाना काचा लावून, खोली करून, आत स्वयंपाकघर किंवा सासू ठेवलेल्या बाल्कन्या एकोणीस. विसावी पालोंबींची. त्यांनी मोजणी खात्यात असल्यामुळे भीतीने काही केलं नाही, आणि आता त्याचीच शिक्षा मिळायची होती. कारण बातमीला नऊ वाजेपर्यंत दुसरा मजला चढला: त्या माणसाला बोलावलं कुणी? ज्याचं स्वतःचं काही अडकलेलं नाही त्याने. ज्याची सगळी उमर मोजणी खात्यात गेली त्याने.

पालोंबी कॉफी प्यायला खाली उतरले तर कॅफेतलं बोलणं विस्तव विझल्यासारखं थांबलं. रम्पोल्दी वकिलांनी वर्तमानपत्र उभं धरलं. झाकार्दीबाई, ज्या पंचवीस वर्षं त्यांना गालाचा मुका घेऊन भेटत, त्यांनी गाल तर सोडाच, मानही हलवली नाही. पालोंबींना वाटलं, आपल्या पँटची चेन उघडी असेल. नव्हती. ते कॉफी अर्धी टाकून परत आले आणि तळघरातून कुणीतरी शिट्टीवर घोडदौडीची धून वाजवत असल्याचं ऐकून खाली गेले.

"तुम्ही चार मिनिटं?" ओलरोगे उठून उभे राहिले.

"तुम्ही आज कसे? सभा तर उद्या!"

"कागदावर सहा लिहिलंय. मी सहाला आलो. तुम्ही उशीर केलात, अनोळखी माणसा."

पालोंबींनी त्यांना वर नेलं. मिरेल्लाने पास्ता वाढला. ओलरोगे वुपरटालच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, त्यांची पत्नी वारली आहे आणि ते दुसऱ्यांदाही पास्ता घेतात, एवढं तिने पाच मिनिटांत काढून घेतलं. शत्रू म्हणून बारा वर्षं ज्याच्याशी भांडलो तो समोर बसून ताटातलं पुसून खातोय, हे बघून पालोंबींना काय करावं कळेना. त्यांनी अजून थोडं चीज किसून दिलं.

शनिवारी पाचला व्यवस्थापकांना एरवीची चार टाळकी अपेक्षित होती. आले सगळे. आजारी होते ते आले, ज्यांच्या बाल्कनीत सासू होती ते सासूसकट आले. या इमारतीत मतं डोक्यांनी नाही, हजारांशांनी मोजतात: सगळी इमारत म्हणजे हजार भाग, ज्याचं घर जेवढं त्याचे तेवढे भाग. व्यवस्थापकांनी बेरीज केली, ती बरोबर हजार आली. त्यांनी घाम पुसून पुन्हा केली. असं इमारत बांधल्यापासून झालं नव्हतं.

रम्पोल्दी वकील उठले. "गटार राहू द्या बाजूला," ते म्हणाले. "पालोंबी, आपण तीस वर्षं नववर्षाच्या रात्री एका भांड्यातली शकुनाची मसूर खाल्ली. आणि तुम्ही आमच्या घरांवर माणूस सोडलात?"

"माणूस? कुठला माणूस?"

"हा!" नीवेसबाई दाराकडे बोट दाखवत म्हणाल्या.

दारात ओलरोगे उभे होते, हातात ऑर्गनच्या सुरावटींची जुनी बॅग. सगळ्या नजरा आपल्याकडे वळलेल्या पाहून त्यांना आपण काहीतरी बोलावं असं वाटलं. आदल्या रात्री त्यांनी चार ओळी पाठ केल्या होत्या.

"सज्जनहो," ते म्हणाले, "हात टेबलावर ठेवा."

सगळ्यांनी ठेवले. व्यवस्थापकांनीही ठेवले.

"मला तुमच्या जमिनीशी देणंघेणं नाही. तुमच्या सोन्याशी नाही. मी लांबून आलोय, एका माणसासाठी. तो झोपलाय. आज तो उठतो की नाही, एवढंच बघायचंय. मग मी सूर्यास्ताकडे निघून जाईन."

सासवांपैकी एकीने क्रॉसची खूण केली. मग झाकार्दीबाई खुर्चीतून हळूच म्हणाल्या, "अगं बाई! हा सिनेमाचा जर्मन आहे!"

"म्हणजे महापालिकेचा नाही?" वकिलांनी विचारलं.

"ऑर्गन वाजवतात," मिरेल्ला म्हणाली. "चर्चमध्ये. काल माझ्याकडे दोनदा पास्ता खाल्ला. महापालिकेचा माणूस खाऊन झाल्यावर भांडी धुतो का?"

सुटकेचा असा सुस्कारा निघाला की टेबलावरचे कागद हलले. सिनेमा दाखवायचा ठराव मांडला गेला आणि एकमताने, पूर्ण हजार हजारांशांनी, पास झाला. इटलीत सभेच्या ठरावावर हरकत घ्यायला मुदत असते, पण हरकत गैरहजर राहिलेल्याने किंवा विरोधकाने घ्यायची. तसं कोणी उरलंच नव्हतं. वकिलांनी हे स्वतः समजावून सांगितलं आणि मग सगळे आहेत तर आत्ताच बघू, असं ठरलं. गटाराचा विषय अजून बाकी आहे.

यंत्र खाली आणलं, पालोंबींनी भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरला जोडलं. संताची मूर्तीही आणली, कारण तिच्याशिवाय ते नीट चालत नाही असं झाकार्दीबाईंचं म्हणणं. चित्र भिंतीवर पडलं, ओलरोगेंनी मोजलं होतं तेवढंच. आवाज इंग्रजी, खाली ग्रीक अक्षरं. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण गोळ्या सगळ्यांना कळत होत्या. नीवेसबाई नायकाला "मागे बघ, मेल्या!" म्हणून ओरडून सावध करत होत्या. पालोंबी काहीच बघत नव्हते. ते टोपी बघत होते.

नायक घोड्यावर बसला. निघाला. धूळ. बाकी सगळ्या आवृत्त्या इथे संपतात. पालोंबींनी मिरेल्लाचा हात धरला तो इतका घट्ट की तिने "अंगठी," एवढंच म्हटलं.

भिंत काळी झाली. खरखर झाली. दोन पांढऱ्या रेघा वर सरकल्या. मग शेरीफचा बूट आला आणि टोपी हलली.

खड्डेवाल्याने एक डोळा उघडला. ढीग बघितला. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसती खरखर, खाली ग्रीक अक्षरांची एक ओळ. टोपी पुन्हा तोंडावर.

खोली हसली. सासवा हसल्या, व्यवस्थापक हसले. काय म्हणाला ते कुणालाच कळलं नव्हतं तरी हसले. पालोंबी उभे होते, त्यांना बसायचं सुचत नव्हतं.

"उठला," ओलरोगे म्हणाले. ते हसत नव्हते. "मान्य. बोलला, तेही मान्य. पण 'आज रविवार आहे' म्हणाला कशावरून? आवाज नाही. 'पाठ दुखते' म्हणाला असेल."

"ग्रीक माझ्याकडे सोपवा," रम्पोल्दी वकील पुढे झाले. त्यांनी शाळेत पाच वर्षं प्राचीन ग्रीक केलं आहे आणि गेली पन्नास वर्षं ते वापरायची संधी शोधताहेत. चित्र थांबवलं. ते भिंतीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला.

"पहिला शब्द, आज. निःसंशय. क्रियापद नंतरच्या काळात भ्रष्ट झालंय, ते सोडा. शेवटचा शब्द 'कुरिआके'. 'कुरिओस' म्हणजे प्रभू. त्यावरून विशेषण, स्त्रीलिंगी, एकवचन. 'आज प्रभूची.'"

"प्रभूची काय?" मिरेल्लाने विचारलं.

"ते अध्याहृत आहे."

"इच्छा असेल," झाकार्दीबाई म्हणाल्या. "मेलेल्यांबद्दल आहे ना."

'आज प्रभूची इच्छा.' याला कोण हसेल? कर खात्यातला माणूस तर नाहीच. पालोंबी खाली बसले. बारा वर्षं आणि त्याआधीची सगळी वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेली मिरेल्लाने पाहिली.

ओलरोगे अजून भिंतीकडेच बघत होते. त्यांची बोटं मांडीवर काहीतरी वाजवत होती.

"कीरिए," ते म्हणाले. "म्हणजे 'हे प्रभो'. हे मी प्रार्थनेत वाजवतो. दर आठवड्याला." ते वकिलांकडे वळले. "माझ्या भाषेत तो दिवस सूर्याचा. तुमच्या भाषेत कुणाचा?"

इटालियन माणूस जन्मभर रविवारला 'दोमेनिका' म्हणतो आणि त्याचा अर्थ 'प्रभूची' असा आहे हे त्याच्या मनात येत नाही.

"प्रभूची वार," ओलरोगे म्हणाले. व्याकरण चुकलं, पण खोलीतल्या कुणी दुरुस्त केलं नाही. "प्रभूची म्हणजे दोमेनिका. आज रविवार आहे." त्यांनी पालोंबींसमोर येऊन हात पुढे केला. "मी हरलो. घोडा तुमचा."

वकील म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." कॅसेट मागे घेऊन तो तुकडा पुन्हा लावला. आता खोली शब्द कळून हसली, आणि रम्पोल्दी वकील असे हसले की त्यांचा चष्मा कपाळावरून सटकून झाकार्दीबाईंच्या मांडीवर पडला.

पालोंबींनी तिथूनच बहिणीला फोन लावला. "एर्सिलिया, तो उठला. म्हणाला. चाळीस माणसं साक्षीला आहेत."

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मग ती म्हणाली, "म्हणजे बाबा हसले होते." आणि लगेच, "मग मला का नाही नेलं?"

त्याच संध्याकाळी ओलरोगेंनी मंडळावर दोन ओळी लिहिल्या: दृश्य आहे, वाक्य आहे, पालोंबी बरोबर होते. ब्राझीलच्या माणसाने दुसऱ्या दिवशी "शुभ सकाळ, श्री. पालोंबी" असं लिहिलं. नीवेसबाईंनी ते छापून जिन्यात लावलं आहे.

पुढची हकिगत अशी. एका लहानशा जर्मन कंपनीने नवी तबकडी काढायचं ठरवलंय, पूर्ण शेवटासह, इटालियन आवाजात. बाकी आवाज मिळाला, ते एक वाक्य कुठेच मिळत नाही. ते कसं म्हटलं होतं हे ऐकलेला, माहीत असलेला माणूस एकच. कंपनीने पालोंबींना विनंती केली, तुम्हीच म्हणा. पारखून घ्यायचं काम ओलरोगेंकडे दिलं.

पालोंबी रोज म्हणतात. रोज ध्वनिमुद्रण वुपरटालला जातं आणि ओलरोगेंचं उत्तर येतं: "पुन्हा. तुम्ही फार खूश वाटता. हा माणूस दमलेला आहे." अडचण अशी की 'आज' म्हणेपर्यंत सगळं ठीक असतं, 'रविवार' म्हणताना पालोंबींना हसू फुटतं, आणि एकदा फुटलं की त्यांना चष्मा काढावा लागतो. शेजाऱ्यांचे सल्ले सुरू आहेत. झाकार्दीबाई म्हणतात, आधी कुणाचं तरी मरण आठवावं. वकील म्हणतात, आधी माझं एखादं जुनं निवेदन वाचावं.

आज सकाळी मिरेल्लाच्या सांगण्यावरून ते पाच मजले पळत चढले, गच्चीच्या दाराशी धापा टाकत उभे राहिले आणि फोनवर वाक्य म्हणाले. 'आज' दमलेला होता. 'रविवार' अर्ध्यापर्यंत दमलेला होता. पुढचं खालच्या मजल्यावरून वकिलांनी ऐकलं आणि तेही हसले, आणि ते हसणंही मुद्रणात आलं आहे. पालोंबींनी ते तसंच पाठवून दिलं. कंपनीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. ओलरोगेंचं उत्तर अजून आलेलं नाही.